नाताळच्या झाडाचे रंग

डिसेंबर अर्धा सरला, की पणजीच्या जुन्या वस्तीत सज्ज्यासज्ज्यांतून कागदी तारे लटकू लागतात आणि बाजारात नाताळच्या झाडाच्या सजावटीचे सामान येऊन पडते. मागे एकदा अशाच एका दुकानात एक बाई बराच वेळ उभ्या असलेल्या मी पाहिल्या. एका हातात तांबड्या व सोनेरी गोळ्यांची पेटी, दुसऱ्या हातात निळ्या व रुपेरी गोळ्यांची. यंदा कोणते रंग घरी न्यावेत, हे त्यांचे ठरत नव्हते. दुकानदार धोरणी; तो दोन्ही पेट्यांची सारखीच वाखाणणी करीत होता. बाईंचा तो प्रश्न घरी येईपर्यंत माझी पाठ सोडीना. हिरव्या झाडावर तांबडा रंगच शोभतो असे आपण म्हणतो, ते का? आणि हा तांबडा, हा सोनेरी, हा रुपेरी, हे रंग त्या झाडावर प्रथम आणले कोणी?

श्रोते हो, याचे उत्तर असे, की कित्येक शतके हे रंग कोणी निवडलेच नव्हते. जी वस्तू हाताशी होती ती झाडावर टांगली गेली, आणि वस्तूच्या पाठोपाठ तिचा रंग आला.

मध्ययुगीन युरोपात डिसेंबरच्या २४ तारखेस आदम आणि हव्वा यांचा स्मरणदिन मानीत. त्या सुमारास आदम-हव्वेच्या कथेचे नाटक होत असे. देवाने निषिद्ध ठरविलेल्या फळाचे झाड प्रेक्षकांना दाखवावयाचे, तर भर हिवाळ्यात बहरलेला सफरचंदाचा वृक्ष आणावयाचा कोठून? उत्तर युरोपात त्या दिवसांत हिरवे म्हणून जे काही उरते, ते फर आणि स्प्रूस यांसारखे सूचिपर्णी वृक्ष. तेव्हा रानातून फरचे झाड तोडून आणीत आणि साठवणीतली तांबडी सफरचंदे त्याला बांधीत. हिरव्यावर तांबडा, ही जी नाताळची म्हणून सर्वत्र मान्य झालेली जोडी, तिचे एक मूळ असे आदिपापाच्या फळात आहे! दुसरे मूळ हॉली या झुडपाच्या फांदीत सापडते. तिची पाने थंडीत हिरवी राहतात आणि फळांचे घोस लालभडक असतात.

पुढे हे झाड नाटकातून घरात शिरले. ऱ्हाइन नदीच्या काठच्या आल्सास प्रांतात सेलेस्टा नावाचे गाव आहे. तेथील नगराच्या हिशेबात १५२१ साली एक नोंद आढळते: नाताळाआधी झाडांवर पहारा ठेवल्याबद्दल वनरक्षकांना चार शिलिंग दिले. लोक झाडे तोडून नेत होते, आणि ती इतकी, की पहारा बसवावा लागला, असा त्याचा अर्थ. त्याच प्रांतातील स्ट्रासबुर्ग शहराबद्दल १६०५ मध्ये एका अज्ञात प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की तेथील लोक नाताळात बैठकीच्या खोलीत फरचे झाड उभारतात आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पिठाच्या पातळ चकत्या, बेगड आणि साखरेचे पदार्थ टांगतात. ही यादी लहान असली तरी तिच्यात रंगांचा सगळा इतिहास आहे. सफरचंदाचा तांबडा, प्रार्थनाविधीत वाटतात तसल्या चकत्यांचा पांढरा, आणि बेगडीचा सोनेरी. बेगड हा शब्द मी जाणून वापरतो. आपल्या मखराला लागते तशीच ती पितळेची पातळ चकाकणारी पत्री होती, खरे सोने नव्हे. पुढे १६४० नंतरच्या दशकात डानहाउअर नावाच्या स्ट्रासबुर्गच्या धर्मोपदेशकाने या सगळ्याला पोरखेळ म्हणून नावे ठेवली. लोकांनी त्याचे ऐकले नाही, हे सांगावयास नकोच.

या झाडावर दिवे मात्र उशिरा आले. मार्टिन ल्यूथरने ताऱ्यांनी भरलेले आकाश पाहून झाडावर प्रथम मेणबत्त्या लावल्या, ही कथा मोठी गोड आहे. परंतु तिला त्याच्या काळातला पुरावा नाही. पुरावा मिळतो तो ऑर्लेआँची डचेस लिझेलोट हिच्या १७०८ मधील पत्राचा. जर्मनीतल्या आपल्या बालपणाची आठवण सांगताना, मेजावर ठेवलेल्या बॉक्स नावाच्या झुडपाच्या फांदीफांदीला छोटी मेणबत्ती लावीत, असे ती लिहिते. पण ही राजघराण्याची गोष्ट झाली. मधमाश्यांचे मेण महाग, आणि चरबीच्या बत्तीला धूर व दुर्गंधी. सामान्य माणसाच्या झाडावर दिवे लागावयाचे, तर स्वस्त आणि शुभ्र मेणबत्ती हवी होती. ती ज्याच्यामुळे मिळाली, त्या माणसाकडे मला श्रोत्यांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. कारण झाडाच्या रंगांचे कोडेही त्यानेच उलगडले.

त्याचे नाव मिशेल युजेन शेव्ह्रूल. हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १७८६ मध्ये जन्मला आणि १८८९ मध्ये वारला. शंभरी ओलांडून १०२ वर्षे तो जगला. चरबी कशाची बनलेली असते याचा त्याने शोध लावला आणि तिच्यातून स्टिअरिन नावाचा कठीण, पांढरा पदार्थ वेगळा काढला. १८२५ मध्ये गे-ल्युसाकच्या जोडीने त्याने अशा मेणबत्तीचे एकस्व घेतले. हाच शेव्ह्रूल पॅरिसच्या गोब्लँ या सुप्रसिद्ध विणकामशाळेत रंगखात्याचा प्रमुख होता. तेथे तक्रार आली, की काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो. निळ्याजांभळ्या पटात तो काळा दिसतच नाही. शेव्ह्रूलने लोकर तपासली, तर रंग पक्का निघाला. दोष रंगाऱ्याचा नव्हता. पाहणाऱ्याच्या डोळ्याचा होता. शेजारी ठेवलेला रंग दुसऱ्या रंगाला बदलून दाखवितो, हा त्याचा सिद्धान्त. १८३९ मध्ये त्याने त्यावर भला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात जे परस्परपूरक रंग सांगितले आहेत, त्यांत तांबडा आणि हिरवा ही जोडी आहे: एकमेकांशेजारी आले, की तांबडा अधिक तांबडा दिसतो आणि हिरवा अधिक हिरवा. सफरचंदे टांगणाऱ्या जर्मन खेडुताला हे शास्त्र ठाऊक नव्हते. हिरव्या लुगड्याला तांबडा काठ देणाऱ्या आपल्या विणकरालाही ते पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मेणबत्तीने आणखी एक गोष्ट ठरविली. तिचा प्रकाश पिवळा-तांबूस. त्यात निळ्या किरणांचा अंश अगदी थोडा. अशा उजेडात तांबडा आणि सोनेरी रंग पेटून उठतात, आणि निळा मावळतो, काळवंडतो. जोवर झाडावर खरी ज्योत होती, तोवर निळ्याला तेथे फारसा मान मिळणे शक्य नव्हते.

आता १८४८ सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या डिसेंबरात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया, तिचा पती आल्बर्ट आणि मुले नाताळच्या झाडाभोवती उभी असलेले चित्र छापले. आल्बर्ट हा जर्मनीतल्या कोबुर्ग घराण्यातला. (त्याचाच चुलतभाऊ फर्डिनंड पोर्तुगालच्या राणी मारिया दुसरी हिचा पती होता, आणि लिस्बनच्या राजवाड्यात नाताळचे झाड आणले ते त्यानेच. गोव्यातील ख्रिस्ती घरांत गोठ्याचा देखावा मांडण्याची चाल मात्र याहून वेगळी. तिला जर्मन झाडाशी कर्तव्य नाही.) लंडनचे ते चित्र १८५० मध्ये अमेरिकेतील एका महिला-मासिकाने राणीचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा पुसून पुन्हा छापले, आणि अमेरिकेतही झाडाचे लोण पसरले. मौज अशी, की हे चित्र काळ्या शाईतले होते! झाड कसे उभारावे हे लाखो घरांनी त्यावरून पाहिले. रंग मात्र ज्याने त्याने आपल्या मनाने भरावयाचे होते.

रंग भरण्याचे साहित्य तयार होत होते जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील लाउशा या डोंगरी गावात. तेथे १५९७ पासून काचेची भट्टी होती. गावच्या एका कारागिराच्या वहीत १८४८ सालीच नाताळच्या सहा डझन काचगोळ्यांची मागणी नोंदलेली आहे. एका गरीब कारागिराला झाडासाठी सफरचंदे परवडेनात, म्हणून त्याने काचेची फळे फुंकली, अशी दंतकथा तेथे सांगतात. आल्सासच्या बाजूलाही अशीच एक कथा आहे. तीत १८५८ च्या दुष्काळाने सफरचंदे पिकली नाहीत. कथा खऱ्या असोत वा नसोत, काचगोळा हा सफरचंदाचा वारस आहे, एवढे त्यांतून दिसते.

काच स्वभावतः रंगहीन. तिला झळाळी आली ती रसायनशास्त्रज्ञ लीबिग याच्या पद्धतीने. चांदीचे द्रावण गोळ्यात ओतून तो गरम पाण्यात हलविला, की आतल्या बाजूस चांदीचा आरसा बसतो. १८७० च्या सुमारास लाउशात ही रीत रुळली. १८६७ मध्ये गावात गॅस आला होता. त्याच्या स्थिर, प्रखर ज्योतीवर मोठे आणि पातळ गोळे फुंकता येऊ लागले. काम चाले घराघरांतून. बाप दिव्यापाशी बसून गोळे फुंकी; आई चांदी फिरवी; मुले गोळे रंगात बुडवून खिळ्यांच्या फळीवर वाळत घालीत, त्यांची मान कापीत, टोपी बसवीत. नाताळ जवळ आला, की हे काम रात्री उशिरापर्यंत चाले. मग बायका पाठीवर मोठमोठ्या करंड्या घेऊन सुमारे वीस किलोमीटरवरच्या झोनेबर्ग या पेठेत जात, आणि व्यापारी देईल तो भाव पदरात घेऊन परतत. ज्या चकाकीने लंडन-न्यूयॉर्कचे दिवाणखाने उजळले, ती या घरांतल्या चुलीजवळ वाळलेली होती, आणि त्या घरांच्या वाट्याला तिच्यातले फार थोडे आले.

अमेरिकन दुकानदार वूलवर्थ याने १८८० मध्ये असे पंचवीस डॉलरचे गोळे मोठ्या नाखुशीने विकत घेतले. ही काच कोण घेणार, असे त्याला वाटले होते. माल दोन दिवसांत संपला. पुढे तो दर वर्षी मागणी वाढवीत गेला, आणि गोळे स्वस्त झाले तसे रंगही वाढले.

झाडाचे रंग आधी ठरवून मग झाड सजविल्याचे पहिले ठळक उदाहरण मला वाटते ते १८८२ मधले. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कच्या आपल्या घरी ऐंशी विजेचे छोटे दिवे झाडावर लावले. रंग तीनच: तांबडा, पांढरा, निळा. अमेरिकेच्या ध्वजाचे! झाड विजेवर गोल फिरत होते आणि रंग आळीपाळीने उजळत होते. काचेतून निळा प्रकाशच बाहेर येऊ लागल्यावर निळ्याची अडचण संपली. रंग आता वस्तूचा गुलाम राहिला नाही.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि जर्मन माल थांबला. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग कंपनीने दिव्यांच्या काचा बनविण्याचे यंत्र गोळ्यांकडे वळविले. पुढे चांदीही युद्धकार्याकडे गेली, तेव्हा मुलामा नसलेल्या पारदर्शक गोळ्यांवर फिक्या रंगाचे पट्टे ओढून ते विकले गेले. धातूच्या टोप्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या टोप्या आल्या. त्या काळातले ते फिके गोळे आज संग्राहक हौसेने जमवितात. टंचाईलाही सौंदर्य येते, पण ते बहुधा मागाहून.

नंतरचा प्रकार मला स्वतःला रुचत नाही. १९५९ पासून अमेरिकेत अल्युमिनियमची रुपेरी झाडे घरोघर गेली. धातूच्या झाडावर विजेची माळ लावणे धोक्याचे. म्हणून खाली रंगीत काचेची चकती फिरत ठेवीत, आणि झाड क्षणात तांबडे, क्षणात निळे होई. झाडाचा हिरवा रंगच गेला, आणि त्याबरोबर शेव्ह्रूलची जोडी मोडली. १९६५ मध्ये चार्ली ब्राऊनच्या दूरचित्रवाणीवरील व्यंगपटाने या झाडांची थट्टा केली, आणि त्यांची चलती ओसरली. दरम्यान १९६१ मध्ये जॅकलिन केनेडी यांनी व्हाइट हाउसचे झाड ‘नटक्रॅकर’ नृत्यनाट्याच्या कल्पनेवर सजविले होते. एक कल्पना धरून झाड सजविण्याचा पायंडा तेथून पडला.

दुकानातल्या त्या बाईंनी मला विचारले असते, तर मी आधी घरातल्या दिव्यांची चौकशी केली असती. माळ पिवळसर उजेडाची असेल, तर तांबडी-सोनेरी पेटी; पांढऱ्या-निळसर उजेडाची असेल, तर निळी-रुपेरी. आणि झाड हिरवे असेल, तर त्याचा हिरवा थोडा दिसू द्यावा. गोळ्यांनी तो झाकून टाकू नये.

लाउशा गाव १९४५ नंतर पूर्व जर्मनीत गेले. सीमा जवळच असल्याने काही कारागीर पलीकडे बव्हेरियात निघून गेले, आणि राहिलेल्यांचे काम सरकारी कारखान्यांत आले. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर गावात पुन्हा घरगुती कर्मशाळा उघडल्या. २०२३ मध्ये युनेस्कोने हाताने काच घडविण्याच्या कलेची मानवजातीच्या वारशात नोंद केली, तीत जर्मनीचाही समावेश आहे. आजही तेथे ज्योतीवर गोळा फुंकतात, आत चांदी फिरवितात, बाहेरून रंगात बुडवितात आणि खिळ्यांच्या फळीवर वाळत ठेवतात.