कामामुळे होणारा दमा: ओळख, तपासण्या आणि उपचार

कामाच्या ठिकाणी श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या पदार्थामुळे जडलेल्या दम्याला व्यावसायिक दमा म्हणतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या वाहन उद्योगात हा आजार होऊ शकेल अशी अनेक कामे आहेत. तो लवकर ओळखला तर बराच आटोक्यात येतो. उशीर झाल्यास काम सोडल्यावरही दमा कायम राहू शकतो.

कशामुळे होतो?

गाड्यांच्या स्प्रे पेंटिंगसाठी रंगात मिसळल्या जाणाऱ्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. सीटचा फोम बनवतानाही ती लागतात. सोल्डरिंगच्या फ्लक्सचा धूर आणि मशीनवरून उडणारे कूलंटचे तुषार हीदेखील कारणे ठरतात. काही आठवड्यांच्या किंवा काही वर्षांच्या संपर्कानंतर शरीराला त्या पदार्थाची ॲलर्जी होते. मग अगदी थोड्या प्रमाणानेही श्वासनलिका आकसतात. त्यामुळे अनेक वर्षे बिनत्रास काम केलेल्या माणसालाही हा दमा होऊ शकतो.

लक्षणे कोणती?

खोकला, छातीत घरघर, धाप आणि छाती आवळल्यासारखी वाटणे. त्रास बऱ्याचदा शिफ्ट संपल्यावर किंवा रात्री घरी सुरू होतो, म्हणून कामाशी त्याचा संबंध लक्षात येत नाही. सुट्टीत बरे वाटणे ही महत्त्वाची खूण आहे. मात्र या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना असणारी गुरुवारची एक सुट्टी त्यासाठी पुरेलच असे नाही. कधीकधी गावी आठवडाभर राहिल्यावरच फरक जाणवतो.

निदान कसे होते?

स्पायरोमेट्रीत रुग्ण यंत्रात जोरात फुंकतो आणि श्वासनलिका किती अरुंद झाल्या आहेत ते कळते. औषध दिल्यावर आकडे सुधारले, तर दम्याची शक्यता वाढते. कामाशी संबंध तपासण्यासाठी पीक फ्लो मीटर हे छोटे उपकरण वापरतात. दिवसातून किमान चार वेळा, साधारण चार आठवडे, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी नोंदी ठेवतात. निदानाआधीच काम सोडले तर ही तुलना करता येत नाही. त्रास तीव्र असेल तर मात्र थांबू नये.

फाउंड्रीत काम करणाऱ्यांमध्ये वाळूच्या सूक्ष्म धुळीमुळे होणारा सिलिकोसिसही तपासावा लागतो. त्यात छातीचा एक्स-रे महत्त्वाचा असतो. सिलिकोसिसमुळे क्षयरोगाचा धोकाही वाढतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घ्यावी.

उपचार

स्टेरॉइडयुक्त इनहेलर श्वासनलिकांची सूज कमी करतो. योग्य मात्रेत तो सुरक्षित असतो आणि त्याची सवय लागत नाही. पण केवळ इनहेलरवर भागत नाही. त्या पदार्थाशी संपर्क थांबणे हाच मुख्य उपचार. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क आयसोसायनेटची वाफ अडवत नाही. पेंट बूथमध्ये हवा खेचणारी यंत्रणा आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. ॲलर्जी झालेल्या कामगाराला दुसऱ्या विभागात काम देणे उत्तम.

कामगाराने काय करावे?

डॉक्टरांना फक्त 'कंपनीत आहे' असे न सांगता नेमके काम, वापरातील रसायने आणि त्रासाची वेळ सांगावी. ईएसआय विमाधारकांसाठी चिंचवडला रुग्णालय आहे. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. कामामुळे झालेला दमा कायद्यातील व्यावसायिक आजारांच्या यादीत असल्याने भरपाईचा दावा करता येतो. त्यासाठी तपासण्यांचे सर्व कागद जपून ठेवावेत.

बोलताना वाक्य पूर्ण करता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.