वऱ्हाडचे दप्तर आणि त्याची ठेवण

1853 च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, तेव्हा गावचा हिशेब पांड्याच्या आणि परगण्याचा देशपांड्याच्या घरी राहत असे. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली, आणि मोजणीचे नकाशे, पेरेपत्रके, जन्ममृत्यूची कोतवाल बुके यांचा जो संभार वाढत गेला, त्याच्यासाठी अमरावती व अकोला येथील कचेऱ्यांना स्वतंत्र दप्तरखाने राखावे लागले.

1956 साली वऱ्हाड मुंबई राज्यात आल्यावर इंग्रज अधिकारी अँडरसनसाहेबांची सहा गठ्ठ्यांची रीत येथेही रूढ झाली. चालू प्रकरण कारकुनाच्या हाताशी, उत्तराच्या प्रतीक्षेतले थोडे दूर, आणि निकाली निघालेले वर्ग लावून अभिलेख कक्षात: ‘अ’ कायमचे, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘ड’ अवघे एक वर्ष. ही व्यवस्था मला अत्यंत विवेकी वाटते; तिच्यात एकच गृहीतक लंगडे होते, ते हे की कागद जुना झाला म्हणजे त्याची मागणी ओसरते. इतर मागासवर्गीयांच्या जात-पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मोलाचा ठरला, आणि ज्या कोतवाल बुकाला कसरीखेरीज कोणी विचारीत नव्हते, त्याच्या नकलेसाठी अर्जदारांची रीघ लागली.

‘आपले अभिलेख’ या योजनेत ज्या सात जिल्ह्यांचे जुने दप्तर प्रथम स्कॅन झाले, त्यांत अमरावती आणि अकोला होते. असे दप्तर हायपरकन्व्हर्ज्ड रचनेवर ठेवावयाचे झाल्यास, काय हाताशी ठेवावे आणि काय दूर, हा जुनाच प्रश्न नव्या वेषात उभा राहतो. या रचनेत साठवणीचे निराळे कपाट नसते. ज्या सर्व्हरांवर व्हर्च्युअल मशीन चालतात, त्यांच्याच पोटातील डिस्का एकत्र जोडून सॉफ्टवेअर त्यांचा एक सामाईक साठा करते, आणि प्रत्येक नोंद दोन किंवा तीन सर्व्हरांवर लिहिते, जेणेकरून एक बंद पडला तरी काम अडू नये. फेरफाराच्या नोंदवहीत क्षणोक्षणी बारीक लिहिणे-वाचणे चालते, म्हणून तिच्या व्हर्च्युअल मशीनला एसएसडी आणि पूर्ण प्रतीच द्याव्या, जरी दोन प्रतींनी उपयोगाची जागा निम्मी होत असली तरी. स्कॅन केलेली पाने एकदा लिहून सलग वाचावयाची. त्यांना फिरत्या तबकडीची स्वस्त हार्ड डिस्क पुरते, आणि पूर्ण प्रतींऐवजी तुकड्यांसोबत पडताळ्याचे अंश साठविणारी, जागा वाचविणारी पद्धतही चालते.

कोतवाल बुकासाठी मात्र केवळ वय पाहून डिस्क नेमू नये. ज्या मांडणीत सॉफ्टवेअर वाचनाची वारंवारता मोजून मागणीचा भाग आपोआप एसएसडीवर आणते, तीच घ्यावी, आणि त्यासाठी एसएसडीवर थोडी जागा आरंभीच मोकळी सोडावी.