दौलतजादा

लावणी ऐन रंगात असते आणि बैठकीतून एक हात वर होतो. चिमटीत घडी घातलेली नोट. नाचणारी चाळ वाजवत पुढे येते, नोट घेते, आदाब करते; मग फर्माईश. ढोलकी-फडाच्या तमाशात देणाऱ्याचं नाव गावासकट माइकवरून पुकारतात. पुढच्या नोटा निम्म्या त्या पुकाऱ्यासाठीच निघतात. ही दौलतजादा.

शब्दाची फोड सोपी आहे: दौलत ज्यादा. मुळात ही बक्षिसी नव्हेच. बक्षिसी हातात पडल्यावर दिलेला तो दुवा, तुमची दौलत वाढो. पुढे दुव्याचं नाव रकमेलाच चिकटलं, आणि ज्याची दौलत वाढायची त्याचा खिसा हलका होऊ लागला. खुद्द दौलत अरबी. त्या धातूत ‘फिरणं’ आहे, आज याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे. तमाशाही तिकडचाच, फारसीमार्गे आलेला. त्याच्या पोटात ‘हिंडणं’ आहे.

नगर जिल्ह्यात तमाशाच्या या रात्रींचं कूळ जुनं. संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९), मूळ आडनाव घोलप, पेशवाईत फड गाजवत होता. अहिल्याबाई होळकरांनी कान उपटले आणि त्याने तमाशा सोडून कीर्तन धरलं, असं सांगतात. अहिल्याबाईंचं माहेर जामखेड तालुक्यातलं चोंडी. आता जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे. आणि त्याच जामखेडची आजची एक ओळख म्हणजे संगीत बारीची कलाकेंद्रं. एका थिएटरात अनेक पार्ट्या, ज्यांची पाळी त्यांनी गायचं. पाळी म्हणजेच बारी.

कान उपटणारे सगळीकडे असतात. पोर्तो रिकोत १९९५ साली पोलिसांनी दुकानांतून ‘अश्लील’ गाण्यांच्या कॅसेटी उचलल्या. त्याच गाण्यांचं पुढे रेगेटन झालं आणि २००४ च्या ‘गॅसोलिना’ या गाण्याने ते जगभर नेलं. विषय तोच, रात्र आणि नाच. लावणीतली रात्र मात्र बरीचशी वाट पाहण्यात जाते.

आपल्याकडे २००५ मध्ये डान्सबार बंद झाले, २०१६ मध्ये नवा कायदा आला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली नोटा उधळण्यावरची बंदी कायम ठेवली, हातात टिप द्यायला मात्र मुभा दिली. बारीतली नोट तशीही चिमटीतून चिमटीतच जात होती.