चिपळूणची परिषद, पोलिसांची डायरी आणि बाबासाहेबांचे राहून गेलेले कलम

"आपण काही चोरले नाही, मग सरकारने फोन बघितला तर बिघडले काय?" हा प्रश्न आता आपलीच पोरे विचारतात. उत्तरासाठी दिल्लीला जायला नको. रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास पुरे आहे.

14 एप्रिल 1929 रोजी चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते आणि लढा खोतीविरुद्ध होता. खोत सरकारचा सारा गोळा करी आणि कुळाकडून पिकाचा वाटा व वेठ उकळी. त्या कुणबी-महार कुळांनी काय चोरले होते? काहीच नाही. तरीही कोण सभेला गेला आणि कोणाशी बोलला, हे खोताला कळणे म्हणजे कुळाचे पोट धोक्यात येणे. पाळतीचा त्रास गुन्हेगारापेक्षा आधी दुबळ्याला होतो तो असा.

सरकारही डोळे मिटून नव्हते. महाराष्ट्र शासनाने 1982 साली आंबेडकरी चळवळीची साधने छापली, तेव्हा वर्तमानपत्रांसोबत ब्रिटिश पोलिसांचे गुप्त अहवालही त्यात घ्यावे लागले. पाण्यासाठी आणि जमिनीसाठी लढणारी माणसे सरकारदप्तरी संशयित होती. तरी लढा थांबला नाही. 1937 साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले आणि 1949 साली खोती रद्द करणारा कायदा झाला.

हा अनुभव गाठीशी असलेल्या बाबासाहेबांनी 1947 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात मूलभूत हक्कांमध्ये एक कलम आहे: माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची व चीजवस्तूंची अवाजवी झडती होता कामा नये, वॉरंट निघायचे तर सबळ कारण आणि शपथेवरचा आधार हवा.

काही जण विचारतील, मग संविधानात हे कलम का नाही? कारण संविधान एकट्या बाबासाहेबांच्या मताने ठरले नाही. ती उणीव महागात पडली. 1954 साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी म्हटले की, असा हक्क घटनाकारांनी दिलेलाच नाही. ही चूक दुरुस्त व्हायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला.

पण निकाल आला म्हणून पाळत संपली नाही. 2019 मध्ये पेगाससचा इशारा ज्यांना मिळाला, त्यांत आनंद तेलतुंबडे होते. आजही फोन ऐकण्याचा आदेश न्यायाधीश देत नाही, गृहसचिव देतो. आणि तो आदेश तपासणाऱ्या समितीतही अधिकारीच बसतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने तर सरकारला हव्या त्या यंत्रणेला सूट देण्याची मुभा ठेवली आहे. म्हणजे आरोपीही सरकार, पंचही सरकार.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी: न्यायालयाच्या वॉरंटशिवाय फोनला हात नाही. ही मागणी परदेशातून उसनी आणलेली फॅशन नाही. ती बाबासाहेबांनी 1947 सालीच लिहून ठेवली आहे. ती पुरी करून घेणे आपले काम आहे.

जयभीम!