नावातला ‘अब्द’

गेल्या महिन्यात मंगरूळपीरला भाचीच्या मुलाचा अकीका झाला. सातव्या दिवशी बाळाचे केस उतरवले आणि नाव ठेवलं: अब्दुल रज्जाक. हे माझ्या अब्बांचं नाव. त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. पेच पडला तो संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर. पोराला हाक काय मारायची?

भाचीच्या दिराने “रज्जाक, ए रज्जाक” म्हणत पाळणा हलवला. कोपऱ्यातून माझी अम्मी बोलली, “अल्लाह का नाम है बाबा, अकेला मत पुकारो.” कुणीतरी म्हणालं, मग अब्दुल म्हणा. त्यावर भाचीचा चेहरा उतरला. “मामू, अब्दुल नको. मोबाईलवर अब्दुलचं काय करून ठेवलंय, तुम्हाला माहीत आहे ना?”

माहीत आहे. ‘पंक्चरवाला अब्दुल’ हा टोमणा आता शाळेतल्या पोरांच्याही तोंडी आहे. पंक्चर काढणं हे कष्टाचं काम, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण हे शब्द कोणत्या सुरात म्हटले जातात, ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

म्हणजे नावाचा पुढचा अर्धा भाग धरला तर अम्मी दुखावते, मागचा धरला तर भाची धास्तावते. या पेचाला मोठा इतिहास आहे, म्हणून हे लिहितोय.

‘अब्द’ म्हणजे दास, सेवक, बंदा. ‘उल’ हा वेगळा शब्द नाही. ते अरबीतलं ‘अल’ आहे आणि ते पुढच्या शब्दाला चिकटलेलं असतं. म्हणून नुसतं ‘अब्दुल’ म्हणणं म्हणजे ‘त्याचा दास’ म्हणता म्हणता मध्येच थांबणं. दास कुणाचा, ते पुढचा शब्द सांगतो. रज्जाक म्हणजे सर्वांना रोजी देणारा. अब्दुल रज्जाक म्हणजे त्या देणाऱ्याचा बंदा. आता यातला ‘अब्दुल’ गाळा. उरतो तो थेट देणारा. बंदा गळून पडतो आणि मालकाचं नाव बंद्याला चिकटतं. अम्मीचा आक्षेप नेमका हा आहे.

सगळ्याच नावांना तो सारखा लागू होत नाही. रहमान, रज्जाक, खालिक ही नावं उलेमा फक्त अल्लाहसाठी राखून ठेवतात. ‘रहीम’ मात्र कुराणात सूरह तौबाच्या 128व्या आयतीत खुद्द पैगंबरांसाठी विशेषण म्हणून आलेलं आहे. त्यामुळे अब्दुल रहीमला नुसतं रहीम म्हटलं तर फारसं कुणी हरकत घेत नाही.

याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्या वऱ्हाडाच्या इतिहासातच आहे. अब्दुल रहीम खान-ए-खानान हा अकबराचा सेनापती. 1596 मध्ये चांदबीबीने वऱ्हाड मुघलांना दिला, त्या धामधुमीच्या काळात तो दख्खनमध्ये होता. पुढे बुऱ्हाणपूर हे त्याचं मोठं ठाणं झालं. दरबारी कागदांत त्याच्या पदव्यांची लांबलचक माळ असायची, पण दोहे लिहिताना तो स्वतःला फक्त ‘रहीम’ किंवा ‘रहिमन’ म्हणवतो. चारशे वर्षांपूर्वी त्याने स्वतःचा अब्दुल बाजूला ठेवला आणि आज सगळा देश त्याला त्या छोट्या नावानेच ओळखतो.

नाव छोटं करण्यात मुळात काही वावगं नाही. अरबी व्याकरणात हाक मारताना नावाचं शेवटचं अक्षर गाळण्याला ‘तरखीम’ असा खास शब्द आहे. पैगंबरांनी हजरत आयेशांना ‘आयश’ अशी हाक मारल्याची हदीस प्रसिद्ध आहे. लाडाने नाव लहान करण्याला ‘तसगीर’ म्हणतात. ‘हसन’चं लाडाचं रूप म्हणजे ‘हुसैन’. एका भावाचं नाव दुसऱ्याच्या नावातून फुललं! कुराणाने मनाई केली आहे ती दुसऱ्याच गोष्टीला. सूरह हुजुरातच्या 11व्या आयतीत एकमेकांना चिडवणारी, हिणवणारी नावं ठेवू नका, असं बजावलं आहे. लाडाचं नाव आणि हिणवण्याचं नाव यांतला फरक धर्माने चौदाशे वर्षांपूर्वीच ओळखला होता.

आपल्या मराठीला तर नावं लहान करण्याची भारी हौस. ज्ञानदेवांचे ज्ञानोबा झाले, तुकारामांचे तुकोबा आणि अभंगात नुसता ‘तुका’. मराठी माणूस देवालाही सोडत नाही. विठ्ठलाचा विठोबा होतो, विठोबाचा विठू. आमच्या शेजारचे पाटीलकाका अब्बांना गल्लीच्या टोकावरून “रज्जाक्याऽ” अशी हाक मारायचे, तेव्हा अम्मी कपाळाला हात लावायची. काकांना कळायचंच नाही, काहून चिडली ही बाई! ज्यांच्या घरी देवालाच ‘विठू’ म्हणतात, त्यांना या हाकेत प्रेमाखेरीज काय दिसणार? आणि प्रेमच होतं ते. दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर होती.

कागदाने मात्र नाव छोटं केलं ते प्रेमाने नव्हे, जागा वाचवण्यासाठी. आमच्या विदर्भातल्या मतदार याद्या, सातबारे, शाळेचे दाखले पाहा. शेखचं ‘शे.’, सय्यदचं ‘सै.’, मोहम्मदचं ‘मो.’ आणि अब्दुलचा ‘अ.’. सगळं बंदेपण एका अक्षरात आणि एका टिंबात! 1980 ते 1982 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले अब्दुल रहमान अंतुलेही वर्तमानपत्रांत ‘ए. आर. अंतुले’च राहिले.

अब्बा एका कागदावर ‘अ. रज्जाक’ होते, दुसऱ्यावर ‘रजाक’, तिसऱ्यावर ‘अब्दुल रजाक’. ते गेल्यावर वारस म्हणून नोंद करायला गेलो, तर कचेरीत विचारलं, ही तीन माणसं कोण? तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्यावर सही करताना माझा हात थरथरला. आयुष्यभर एकाच मालकाचा बंदा म्हणवून घेतलेला माणूस कागदावर तिघांत वाटला गेला होता.

नाव झिजायला हरकत नाही. आमच्या जिल्ह्याचंच नाव घ्या. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. प्राकृतात त्याचं ‘वच्छोम’ झालं. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हटलेलं आहे. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून बासिम येतं, इंग्रजांनीही बासिमच ठेवलं, आणि 1 जुलै 1998 रोजी जिल्हा झाला तो वाशीम म्हणून. पण गावाचं नाव दीड हजार वर्षांत हजारो जिभांवर झिजतं, ते कुणी ठरवून करत नाही. मुलाचं नाव आपण एका संध्याकाळी कापतो. म्हणून काय ठेवायचं आणि काय गाळायचं, याचा विचार करावा लागतो.

भाचीला मी एवढंच सांगितलं की कागदावर पूर्ण नाव घाल, ‘अ.’ नको. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच मुख्य पुरावा आहे. तिथलं अक्षर चुकलं तर ती चूक जन्मभर पाठ सोडत नाही. घरातल्या हाकेचं मात्र मला काही सुचत नव्हतं. ‘रज्जू’ सुचवलं, ते बऱ्याच जणांना पटलं. फक्त अम्मी गप्प होती.

मग माझ्या लक्षात आलं. अम्मीने आयुष्यात कधी अब्बांचं नाव उच्चारलेलं नाही. जनगणनेवाले दारात आले तरी ती आम्हा पोरांना पुढे करायची. आणि ‘रज्जू’ ही तर अब्बांच्या आईची हाक होती. तीसुद्धा अम्मीच्या जिभेवर यायची नाही.

रात्री बाळ रडायला लागलं. भाची उठायच्या आत अम्मीने त्याला मांडीवर घेतलं आणि थोपटत म्हणाली, “अब्दू, ओ अब्दू.” खोलीतले सगळे थांबले. जो अर्धा भाग सगळ्यांना गाळायचा होता, तोच तिने उचलला होता. अल्लाहचं नाव एकटं पडलं नाही, नवऱ्याचं नाव तोंडी आलं नाही, आणि बंदा जागच्या जागी राहिला.

भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “घरात ठीक आहे, नानी. बाहेर काय होईल, कुणास ठाऊक.”

तिची भीती खोटी आहे असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. तोवर बाळ झोपलं होतं.