शिल्पकार नानासाहेब करमरकर

वऱ्हाडातील शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांत वाढलेल्या मुलापुढे असो वा कोकणच्या किनाऱ्यावरील मुलापुढे, 'अश्वारूढ शिवाजी महाराज' म्हटले की एक ठरावीक चित्र उभे राहते. हे चित्र मराठी मनात रुजविणाऱ्या शिल्पांत पुण्यातील १९२८ सालच्या पुतळ्याचा मान मोठा आहे. पुतळ्यापुढे नतमस्तक होणाऱ्यांना शिल्पकाराचे नाव मात्र क्वचितच सांगता येते. ते नाव विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर.

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबागजवळील सासवणे येथे झाला. गणपतीच्या मूर्ती घडविण्याची कला घरातच होती. गावातील देवळाच्या भिंतीवर या मुलाने रेखाटलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. तेथे त्यांनी मानाचे लॉर्ड मेयो पदक मिळविले. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या साहाय्याने कलकत्त्यात त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. १९२० च्या सुमारास ते लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकावयास गेले.

पुण्याच्या शिवस्मारकाची कोनशिला छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये बसविण्यात आली होती. पुतळ्याचे काम करमरकरांनी हाती घेतले ते मोठी जोखीम पत्करूनच. एवढे मोठे शिल्प सामान्यतः तुकड्यातुकड्यांनी ओतून मग सांधले जाते. त्यांनी घोडा आणि स्वार एकसंध ओतण्याचे ठरविले. अशा ओतकामात वितळलेले ब्राँझ साच्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचण्यापूर्वी थिजले किंवा साचा दगा देऊन गेला, तर अनेक महिन्यांचे श्रम एका क्षणात वाया जातात. मुंबईतील माझगाव गोदीच्या ओतशाळेत हे काम निर्विघ्न पार पडले. साडेतेरा फूट उंचीच्या या पुतळ्याचे अनावरण जून १९२८ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झाले. महत्त्वाच्या स्मारकांसाठी विलायतेकडे पाहण्याच्या त्या काळात हे यश लहान नव्हते. शिवाजीनगर येथील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात हा पुतळा उभा आहे.

परंतु करमरकरांची खरी ओळख केवळ स्मारकांत शोधणे अन्यायाचे होईल. स्मारक आणि व्यक्तिशिल्प यांत गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी लागते, शिवाय ब्राँझ आणि संगमरवर यांचा खर्च शिल्पकाराला एकट्याने झेपणारा नसतो. यावर त्यांना सापडलेला मार्ग सिमेंटचा. या स्वस्त आणि ऊनपावसात टिकणाऱ्या माध्यमामुळे त्यांना स्वतःच्या आवडीचे विषय घडविता आले. कोळीण, कष्टकरी, घराभोवतीची गुरे असे हे विषय होते. याच सुमारास शांतिनिकेतनात रामकिंकर बैजही सिमेंटकडे वळले होते. बैज यांनी काँक्रीटचा खडबडीतपणा जपला. करमरकरांनी त्याच पदार्थातून त्वचेचा मऊपणा काढला. त्यांच्या 'शंखध्वनी' या शिल्पास १९३० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले होते. तरीही सासवण्याच्या अंगणातील म्हैस त्याहून सरस वाटावी, इतकी ती जिवंत आहे.

१९६२ मध्ये पद्मश्री आणि १९६४ मध्ये ललित कला अकादमीची फेलोशिप हे सन्मान त्यांना मिळाले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या सासवणे येथील घराचे पुढे शिल्पालय झाले. मांडवा बंदरापासून ते जवळ आहे. तेथे घरात आणि अंगणात मिळून शंभराहून अधिक शिल्पे मांडलेली आहेत.