घर घेताना वरच्या मजल्याची खिडकी पाहा

6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून 11 रुग्णांचा मृत्यू झाला. तरीही वस्तीतून पहिल्यांदाच स्वतःच्या घरात जाणारे आपले तरुण पाणी, पार्किंग आणि कर्जाचा हप्ता एवढेच विचारतात. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना चोरांच्या भीतीने वेल्डिंग करून पक्के ग्रिल बसवलेले असते. जिना धुराने भरला की तीच एक वाट उरते, आणि तीही बंद! ग्रिल आतून उघडते का, ते स्वतः उघडून पाहा. महानगरपालिकेने मंजूर केलेला नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र मागा. नकाशातली खिडकी बुजवलेली दिसली तर इसार देऊ नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगीपासून बचावाची जबाबदारी मालक व भोगवटादारावरही येते. खरेदीखतानंतर ते आपणच.